चार फुटांत नऊ मिलिमीटर

४ एप्रिल २०१६, सोमवार

भानुमती आज गंगापूरला तिच्या थोरल्या बहिणीकडं गेली. कारण पाणी. औरंगाबादेतल्या आमच्या सातारा परिसरात नळ नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येईल म्हणतात आणि पाचव्या दिवशी येतो. गंगापूरच्या ताईंच्या बोअरला अजून पाणी आहे. घरातलं एक माणूस कमी झालं की पाण्याचा खर्च निम्मा होतो, हे साधं गणित आहे. तिलाही ते पटलं असावं, कारण तिनं आपली आपण पिशवी भरली आणि मला न विचारता रिक्षा बोलावली.

आदल्या दिवशी ती जरा चिडली होती, ते वेगळं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी घर शिस्तीत आणतो आहे. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. त्यात हिंग आणि सुंठ यांची अदलाबदल झाली, एवढी चूक मान्य. पण ती म्हणाली, "या घरात माझं म्हणून काही राहिलंच नाही." मी म्हणालो, "असं कसं, घर दोघांच्या नावावर आहे." कपाटातून कागद काढून दाखवले.

एक बरं झालं, रोज सकाळचं ते फरशी धुणं थांबलं. कपडे खळबळून उरलेलं पाणी ती मोरीत सोडत नाही. बादलीनं हॉलमध्ये ओतते आणि खराटा मारते. मी पेपर वाचत असतो, ती म्हणते "पाय वर घ्या," आणि मी घेतो. घर बांधल्यापासून हे चालू आहे. फडक्यानं पुसता येत असताना बादल्या कशाला उपसायच्या, हे मी तिला कितीदा तरी समजावलं. ऐकत नाही.

७ एप्रिल, गुरुवार

औरंगपुऱ्यातल्या एका दातांच्या डॉक्टरनं दवाखाना सिडकोपलीकडच्या नव्या इमारतीत हलवला. तिथं माशांना जागा नाही म्हणाला. त्याची चार फुटी काचेची टाकी, तिचा लोखंडी स्टँड आणि चार गोल्डफिश मी टेम्पोत घालून घरी आणले.

हे सगळं भानुमतीसाठी आहे. मागं नागपूरला लग्नाला गेलो होतो तेव्हा हॉटेलात अशीच टाकी होती. मी काउंटरवर खोली बदलून मागत होतो, वाद बराच लांबला, आणि ती टाकीसमोर खुर्चीत बसून होती. मी परत आलो तर म्हणाली, "आणखी थोडा वेळ भांडा की. मला इथं फार बरं वाटतंय." तेव्हाच मी ओळखलं की हिला मासे आवडतात.

ती येईल तेव्हा टाकी हॉलमध्ये तयार असेल. तोवर तिला सांगायचं नाही. तूर्त मासे न्हाणीत टबमध्ये आहेत आणि माझी अंघोळ मागच्या अंगणात.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. गाठी आणायची राहिली. शेजारच्या आवडाबाईंनी वाटीभर श्रीखंड दिलं. या पाचोडकडच्या. मुलाला शेंद्र्याला कंपनीत नोकरी लागली म्हणून शेती वाट्यानं देऊन इथं आल्या. भानुमतीशी त्यांचं चांगलं जमतं. "वहिनी पाडव्याला बी नाय आल्या?" असं विचारून माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हणालो, पाणी. त्या म्हणाल्या, "व्हय, पाणीच आसंल."

१० एप्रिल, रविवार

स्टँड पूर्वेच्या भिंतीला लावून वर पाणसळ ठेवून पातळी पाहिली. बुडबुडा मधोमध यायला तयार नाही. मागच्या दाराकडचे दोन पाय खाली बसतात. चार फुटांत नऊ मिलिमीटर. आधी वाटलं स्टँडच वाकडा. टोकं बदलून पुन्हा ठेवला, तरी बुडबुडा जागचा हलला नाही. म्हणजे दोष फरशीत.

आवडाबाई कढीपत्ता मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पुठ्ठ्याच्या दोन घड्या करून पायाखाली सारा. आमच्या फ्रिजखाली हायच." मी त्यांना बसवून समजावलं. टाकीत दोनशे लिटर पाणी म्हणजे दोन क्विंटल वजन, तेही काचेत. एका बाजूला कलली तर आज ना उद्या काच तडकणार. आणि फरशी वाकडी असताना पायाखाली पुठ्ठा सारणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर झटकण्यासारखं आहे. त्या "आसंल बाबा" म्हणाल्या आणि कढीपत्ता न घेताच गेल्या.

१२ एप्रिल, मंगळवार

संबंध हॉल तपासला. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं. एक टोक मी धरलं, दुसरं आवडाबाईंनी. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फरशी खाली खाली जाते, एकूण सव्वा इंच. कुठं उंचवटा नाही, कुठं खड्डा नाही. इतका एकसारखा दोष मी आजवर पाहिला नव्हता. माझ्या हाताखालच्या कालव्याच्या चाऱ्यांना असा उतार काढून घेताना मला घाम फुटायचा. इथं तो चुकून झाला आहे.

घर बांधलं तेव्हा मी सोयगावकडं साइटवर होतो, सुट्टीच्या दिवशी तेवढा यायचो. बांधकाम सगळं भानुमतीनं बघितलं. बाईमाणूस बघून गवंड्यानं फसवलं असणार, आणि तिला ते आजतागायत कळलं नाही. वाईट वाटलं. कळलं मलाही नाही, पण मी बाहेर असायचो.

१३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी तिला फोन केला. टाकीचं काढलं नाही. फरशीचं सांगितलं, आकड्यांसकट.

ती म्हणाली, "त्या फरशीला हात लावू नका."

"अगं, सव्वा इंच फरक आहे."

"असू दे. तो मी..."

मी म्हणालो, "तू स्वतःला दोष देऊ नकोस. गवंडी लबाडच असतात. मी बघतो काय करायचं ते."

मग म्हणाली, "लिंबाला पाणी घालता का?"

आमच्या मागच्या अंगणात कागदी लिंबाचं झाड आहे. मी म्हणालो, "लिंबाला आपण कधी पाणी घातलंय? गावठी जात आहे, ते जगतं आपलं आपण." त्यावर फोन बंद झाला. गंगापूरला रेंजचा त्रास दिसतो.

१७ एप्रिल, रविवार

चिन्मयचा पुण्याहून फोन. "बाबा, आईशी बोलणं झालं का?"

"झालं ना. फरशीबद्दल."

"फरशीबद्दल नाही हो." मग अडखळत त्यानं सांगितलं की मावशीच्या घरामागं एक रिकामी खोली आहे, ती आई रंगवून घेते आहे. तिथल्या बायकांचं शिवण घ्यायचं म्हणते. "बाबा, ती परत येईल असं मला वाटत नाही. तुम्ही एकदा जाऊन विचारा तरी तिला."

मला हसू आलं. या मुलाला लहानपणापासून राईचा पर्वत करायची सवय आहे. उन्हाळ्यात चुना लवकर वाळतो म्हणून ताईंनी रंग काढला असेल. आणि विचारायचं काय तिला? इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी काही विचारलं नाही, आणि तिचं काही अडलंही नाही.

तरी दुपारी जेवण गेलं नाही. पेपर वाचताना उगाच पाय वर घेऊन बसलो होतो. ती नसली की घर खायला उठतं, हे इथं लिहून ठेवतो. बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

एक मात्र ठरवलं. पुठ्ठा नाही, चकत्या नाहीत. सगळी फरशी उकलून हॉलच सपाट करून घ्यायचा. ती परत येईल तेव्हा तिला फसवल्याची खूणसुद्धा या घरात उरणार नाही.

२१ एप्रिल, गुरुवार

बीड बायपासला अर्ध्यावर राहिलेल्या इमारती दिसतात. बांधकामाला पाणी नाही, म्हणून काम बंद. त्यामुळं गवंडी मिळाला. नाव कडुबा. त्यानं हॉलमध्ये चप्पल काढली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालून पाहिलं आणि म्हणाला, "लईच उतरती हाय, साहेब."

"चुकीचं आहे ना हे?"

"व्हय, चुकीचं हाय."

"की कुणी मुद्दाम केलं असेल?"

"मुद्दाम बी केलं आसंल."

"अरे, नक्की काय?"

"तुमी म्हनाल तसं."

मी म्हणालो, चुकीचं. तो म्हणाला, "मंग चुकीचंच." असा समजूतदार माणूस मला खात्यात एक मिळाला नाही. उद्यापासून काम सुरू.

२५ एप्रिल, सोमवार

शहाबादी फरशी उकलून भिंतीला लावून ठेवली आहे. तीच पुन्हा बसवायची. घरभर धूळ. मासे न्हाणीत, मी व्हरांड्यात. मागच्या उंबऱ्याखाली दोन बोटं जातील एवढं भोक निघालं. कडुबा म्हणाला, "उंदराचं आसंल." सिमेंटनं पक्कं बुजवून घेतलं.

आवडाबाई कुंपणापाशी येऊन बघत होत्या. "भाऊ, वहिनीला इचारलं का ह्ये?"

मी म्हणालो, "तिला सांगितलं तर मजा काय राहिली?"

"वहिनीची फरशी हाय म्हनून म्हनलं," एवढं बोलून त्या आत गेल्या. हॉलला वहिनीची फरशी म्हणायचं काय कारण, ते कळलं नाही. कागद दोघांच्या नावावर आहेत.

लिंबाची पानं पिवळी पडली आहेत. खत आणून घातलं.

२९ एप्रिल, शुक्रवार

फरशी बसली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नळी लावून पाहिली, केसाचाही फरक नाही. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून पाणी साठवून ठेवायला लागतं, त्यात ड्रममधलं निम्मं पाणी गेलं. पेपरात लातूरला रेल्वेनं पाणी पाठवल्याचा फोटो आहे, आणि माझ्या हॉलमध्ये बोटभर पाणी उभं. जरा लाज वाटली. म्हणून पुढचं दार लावून घेतलं. पण पाणी कसं उभं होतं, इकडं नाही की तिकडं नाही. बराच वेळ बघत बसलो.

४ मे, बुधवार

स्टँड लावला. बुडबुडा मधोमध. टाकी भरली, काठाशी पाणी चारी बाजूंनी सारखं. मासे सोडले. आधी कोपऱ्यात गोळा होऊन राहिले, मग हिंडायला लागले. टँकरवाल्यानं आत डोकावून विचारलं, "काका, ये पाणी पिनेका है क्या?" ओळीत घागरी घेऊन उभ्या बायकाही आत बघत होत्या. एक जण म्हणाली, "मासं सुखी हायेत बाई." आवडाबाईंनी तिला गप्प केलं. माझी बाजू घेतली म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण मला वाईटच वाटलं.

टाकीसमोर भानुमतीची वेताची खुर्ची मांडून ठेवली आहे.

८ मे, रविवार

तिचाच फोन आला. उद्या येते म्हणाली. काही सामान न्यायचं आहे. मी म्हणालो, "ये ये, अक्षय्य तृतीया आहे, चांगला मुहूर्त आहे." सामान न्यायचं हे निमित्त. एवढ्या उन्हात सामानासाठी कुणी येतं का? आंबे आणून ठेवले. चिन्मयला कळवलं की तुझी आई येते आहे, उगाच घाबरत होतास. तो म्हणाला, "बाबा, तिचं ऐकून घ्या फक्त." कशाला तो असं म्हणतो कोण जाणे. मी तिचं नेहमीच ऐकतो.

९ मे, सोमवार

सकाळी नऊच्या सुमाराला आली. वाळली आहे. आल्या आल्या घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली आणि लिंबापाशी उभी राहिली. मी आतून हाक मारली तेव्हा हॉलमध्ये आली. टाकीकडं बघितलं, आपल्या खुर्चीकडं बघितलं, पण बसली नाही. "मासे कुणाचे?"

"तुझे," मी म्हणालो. "तुला आवडतात म्हणून."

"मला?" असं म्हणून ती खरोखरच आठवायला लागली. मी नागपूरची आठवण करून दिली. ती हसली, पण जसं हसेल वाटलं होतं तसं नाही.

मग म्हणाली, "इतके कपडे साठवलेत." आणि माझे सदरे धुवायला घेतले. मी नको म्हणालो. ती म्हणाली, सवय आहे हाताला. मी पेपर उघडला. कपडे वाळत घालून झाल्यावर तिनं खळबळलेलं पाणी बादलीनं आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये ओतलं, रोज ओतायची तसं. मी पाय वर घेतले.

पाणी थोडं पसरलं आणि थांबलं.

मी म्हणालो, "बघ. एक थेंब हलत नाही."

ती खराटा घेऊन उभी होती. तिनं पाणी लोटलं. ते दोन हात गेलं आणि सावकाश मागं आलं. पुन्हा लोटलं, पुन्हा मागं आलं. मी तिला पाणसळ आणून दाखवली. बुडबुडा मधोमध होता. ती म्हणाली, "हो, आहे." तिचा आवाज अगदी शांत होता. ती मागच्या उंबऱ्यापाशी वाकली, बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवलं आणि तिथंच खाली बसली.

"हा ढाळ मी दिला होता," ती म्हणाली. "तुम्ही सोयगावला होता. गवंड्यानं विचारलं, बाई, फरशीचं पाणी कुठं काढायचं? मी म्हटलं, त्या कोपऱ्यात लिंबू लावीन, तिकडं काढा. तेव्हा रोपसुद्धा आणलं नव्हतं मी. माझ्यासमोर तो तीनदा बादली ओतायचा, आणि पाणी बरोबर तिथं जाईपर्यंत मी त्याला उठू दिलं नाही. कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी लिंबाला. इतकी वर्षं कुठल्याही दुष्काळात ते झाड वाळलं नाही. तुम्हाला काय वाटलं, ते कशावर जगतं?"

मी विचारलं, "मग मला सांगायचं नाही का?"

"फोनवर सांगत होते. तुम्ही म्हणालात, गवंडी लबाड असतात."

ढाळ. पस्तीस वर्षं हा शब्द मी रोज लिहिला. कागदोपत्री, मोजमापाच्या पुस्तकात, कंत्राटदारांच्या डोक्यात घातला. माझ्या घरात माझ्या पायाखाली तो होता, आणि मी त्याला दोष म्हणून लिहीत होतो.

ती भांडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. तिनं फक्त पाणी फडक्यानं टिपून घेतलं, बादलीत पिळलं, बादली मागं नेऊन लिंबाच्या आळ्यात ओतली. मग कोपऱ्यातलं शिवणाचं मशीन चादरीत बांधलं. तेच न्यायला आली होती. रिक्षा दारात होती. मी मशीन उचलून ठेवायला मदत केली, तेवढं सुचलं.

रिक्षात बसून ती म्हणाली, "जाते."

मी "हं" म्हणालो, आणि रिक्षा वळल्यावर तिचा शब्द मला खरा ऐकू आला. भानुमतीनं मंडईत जातानासुद्धा कधी "जाते" म्हटलेलं नाही. आपल्यात कुणी म्हणतच नाही, दार ओलांडताना "येते" म्हणायचं असतं. गेल्या महिन्यात गंगापूरला निघाली तेव्हाही "येते" म्हणाली होती. आवडाबाई कुंपणापलीकडं उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं होतं.

चिन्मय बरोबर होता. ती परत येणार नाही. मी घाबरलो आहे.

११ मे, बुधवार

काल काही लिहिलं नाही.

आज छिन्नी घेऊन उंबऱ्याखालचं भोक उघडलं. पलीकडं अंगणाच्या मातीखाली दगडाची छोटी नाली आहे, दोन्हीकडून कडा बसवलेल्या, वरून कौलाचे तुकडे झाकलेले. सरळ लिंबाच्या आळ्यात जाते. मातीखाली असून एका जागीही तुंबलेली नव्हती, म्हणजे ती दरवर्षी साफ करत असणार. कधी करत होती? मी तेव्हा कुठं होतो? मी इथंच होतो, समोर पेपर धरून.

कडुबाला निरोप दिला.

१२ मे, गुरुवार

कडुबानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हंजी आता ह्ये सपाट चुकीचं हाय, साहेब?"

मी म्हणालो, "व्हय."

"आन ती उतरती बरोबर व्हती?"

"व्हय रे बाबा, व्हय."

तो म्हणाला, "मला तवाच वाटलं व्हतं." त्याला काही वाटलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

"मंग ढाळ किती धरू?"

आकडा याच वहीत मागच्या पानांवर आहे. चार फुटांत नऊ मिलिमीटर. सांगून टाकला असता तर संध्याकाळपर्यंत दोरी ताणून काम सुरू झालं असतं. मी फोन हातात घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. इतका धीर मला कुठल्या चौकशी समितीपुढं जातानाही गोळा करावा लागला नव्हता.

"भानू, ढाळ किती द्यायचा?"

"कुठला ढाळ?"

"तुझा."

मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "गवंड्याला जवळ बोलवा आणि तुम्हीही ऐका." आणि सांगायला लागली. स्वयंपाकघराच्या दारापाशी कमी, कारण तिथं पाट मांडतो. दिवाणाजवळ जरा वळवायचा, नाहीतर पाणी पायांशी अडतं. उंबऱ्यापाशी एक फरशी खोलगट बसवायची, तिथं कचरा थांबतो, म्हणजे नालीत जात नाही. दिवाणाजवळचं वळण आणि ती खोलगट फरशी माझ्या मोजणीत नव्हती. मी मधे एकदाही बोललो नाही. दोनदा तोंडाशी आलं होतं, गिळलं. कडुबानं मात्र प्रत्येक वाक्याला "व्हय वहिनी" म्हटलं.

शेवटी मी विचारलं, "तू येशील का?"

ती म्हणाली, "आधी पाणी जातं का बघा."

१६ मे, सोमवार

फरशी पुन्हा उकलली, पुन्हा धूळ, मासे पुन्हा न्हाणीत. ढाळ धरून बसवणं आज संपलं. आवडाबाईंनी आज आपण होऊन चहा आणून दिला. म्हणाल्या, "वहिनीनं फोन केला व्हता. म्हनल्या, त्यांनी इचारलं मला." पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या मागं माझ्यावर दोघी हसतात म्हणजे काय, याचा राग यायला हवा. आला नाही. उलट दोन कप चहा प्यायलो.

रिकामी टाकी आता ढाळावर उभी आहे, तेवढीच तिरकी. कडुबानं न विचारता पायांखाली पत्र्याच्या चकत्या आणि रबर घालून सारखी केली. मीही काही बोललो नाही.

२० मे, शुक्रवार

पाणी मारून झालं. फरशी वाळली. सकाळी मी माझे सदरे स्वतः धुतले. कॉलर काही निघाली नाही. खळबळलेलं पाणी बादलीनं आणून स्वयंपाकघराच्या दारातून ओतलं आणि बाजूला झालो.

ते क्षणभर जागच्या जागी राहिलं. मग एका कडेनं निघालं, दिवाणाजवळ वळलं, तिथं आपसूक जरा रुंद झालं, आणि उंबऱ्याकडं जायला लागलं. मी चपला न घालता त्याच्या मागं मागं मागच्या दारापर्यंत गेलो. बाहेर जाऊन लिंबापाशी वाकलो. आधी काहीच आलं नाही. मग आळ्यातली वाळकी पानं हलली, आणि खालून गढूळ पाणी वर आलं. झाड बोडकं झालं आहे. बुंध्याला नखानं खरवडून पाहिलं, आत हिरवं आहे.

तिथूनच तिला फोन केला.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"गेलं."

"कुठपर्यंत?"

"लिंबापर्यंत. मी तिथंच उभा आहे."

"किती वेळ लागला?"

"मोजला नाही," मी म्हणालो. खरंच मोजला नव्हता. घड्याळ हातात होतं, पण मी पाणी बघत होतो.

पलीकडं ताईंच्या घरातला आवाज ऐकू येत होता. ती नाक पुसत होती असं वाटलं, नक्की सांगता येत नाही.

"बरं," ती म्हणाली. "उद्या सकाळी एसटी स्टँडवर या. मशीन मला एकटीला उचलवत नाही."